संगणकाने प्रश्न कसा विचारावा?

विद्यार्थिमित्रहो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. सहामाही परीक्षा नुकतीच संपली आहे. तुमच्या वर्गशिक्षिका शिक्षकांच्या खोलीतील संगणकापुढे बसून आठवी ‘ब’चे गुण भरत आहेत. वर्गात मुले ४८ आणि विषय पाच, म्हणजे भरायचे आकडे ४८ × ५ = २४०. त्यांपैकी दोनशे आकडे भरून झाले, तोच मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाई उठल्या. तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणी त्याच संगणकावर वेळापत्रक उघडून पाहिले. बाई परत येऊन पाहतात, तो पडद्यावर वेळापत्रक! गुणांचा तक्ता त्याच्या मागे झाकला गेला होता. पण हे बाईंच्या लक्षात आले नाही. त्यांनी गुणांच्या फाईलचे चित्र शोधले आणि त्यावर पुन्हा दोन टिचक्या मारल्या. पडद्यावर एक चौकट उमटली :

“ही फाईल आधीच उघडी आहे. पुन्हा उघडल्यास केलेले बदल रद्द होतील. फाईल पुन्हा उघडायची आहे का? होय / नाही.”

बाईंना फाईल उघडायचीच होती. त्यांनी ‘होय’चे बटण दाबले. फाईल उघडली. मात्र तीत एकही आकडा नव्हता! सकाळी होता तसा कोरा तक्ता समोर होता.

आता सांगा, ही चूक कोणाची? तुम्ही म्हणाल, “बाईंनी नीट वाचायला हवे होते.” संगणकाने विचारले होते, बाईंनी उत्तर दिले होते, मग संगणकाला दोष कसा देणार? परंतु जरा थांबा. उत्तर चुकले तेव्हा प्रश्न बरोबर होता की नाही, हेही तपासले पाहिजे. परीक्षेत सगळ्या वर्गाचा एकच प्रश्न चुकला, तर शहाणे शिक्षक आधी प्रश्नपत्रिका पुन्हा वाचतात. आपणही तेच करू.

फळा आणि वही

प्रथम आत काय घडते ते पाहू. संगणकात माहिती ठेवण्याच्या दोन जागा असतात. एक त्याची कामाची स्मृती. तिला ‘रॅम’ म्हणतात. दुसरी कायमची साठवण, म्हणजे डिस्क. स्मृती ही वर्गातल्या फळ्यासारखी आहे आणि डिस्क ही वहीसारखी. फळ्यावर लिहिणे, पुसणे, दुरुस्त करणे झटपट होते. पण शाळा सुटली की फळा पुसला जातो. वीज गेली की रॅममधली माहितीही अशीच नाहीशी होते. वहीतले मात्र उद्याही राहते.

मग सगळे थेट वहीतच का लिहीत नाहीत? कारण वही फार संथ असते! रॅममधून माहितीचा एक तुकडा उचलायला साधारणपणे सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर तोच तुकडा शोधायला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो, म्हणजे जवळजवळ एक लाख पट वेळ. रॅमला एक सेकंद लागतो असे मानले, तर डिस्कला एक दिवसाहून अधिक लागेल. आजच्या, न फिरणाऱ्या डिस्का पुष्कळ वेगवान आहेत. तरी रॅमची बरोबरी त्यांनाही करता येत नाही.

म्हणून तुम्ही एखादी फाईल उघडता तेव्हा संगणक वहीतला मजकूर फळ्यावर उतरवून घेतो. त्यानंतर तुम्ही जे टंकता ते फळ्यावर उमटते. वहीत मात्र जुनेच असते. ‘जतन करा’ म्हणजे ‘सेव्ह’ ही आज्ञा दिली, की फळ्यावरचे वहीत उतरते आणि दोन्ही पुन्हा सारखी होतात.

आता ‘फाईल पुन्हा उघडणे’ म्हणजे काय, याचा विचार करा. फळा पुसायचा आणि वहीतले जुने त्यावर पुन्हा लिहायचे! बाईंनी भरलेले दोनशे आकडे फळ्यावर होते, वहीत नव्हते. ‘पुन्हा उघडा’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दांच्या पोटात ‘फळा पुसा’ ही आज्ञा दडलेली होती. बाईंना पडद्यावर फाईल एकच दिसत होती. तिच्या दोन प्रती आहेत, हे माहीत होते फक्त संगणकाला.

एका बिटाची खूण

फळा आणि वही यांत फरक पडला आहे, हे संगणकाला कसे कळते? त्याची युक्ती अगदी साधी आहे. प्रत्येक उघड्या फाईलसाठी कार्यक्रम एक खूण ठेवतो. फाईल उघडली की खूण ०. पहिला बदल होताच खूण १. जतन केले की पुन्हा ०. ही खूण ठेवायला एक बिट, म्हणजे माहितीचा सर्वांत लहान कण, पुरतो.

दुसरी खूणही लागते. तुम्ही फाईल उघडून बसलेले असताना दुसऱ्या कोणी डिस्कवरची तीच फाईल बदलली तर? यासाठी डिस्कवर प्रत्येक फाईलच्या नावापुढे ती शेवटी केव्हा बदलली याची तारीख आणि वेळ नोंदलेली असते. फाईल उघडताना कार्यक्रम ती वेळ टिपून ठेवतो. नंतर पुन्हा पाहताना वेळ वेगळी दिसली, तर वहीत कोणीतरी लिहिले आहे हे त्याला समजते.

दोन खुणा, प्रत्येकीच्या दोन शक्यता. म्हणजे एकूण परिस्थिती २ × २ = ४. कागद-पेन्सिल घेऊन हा छोटा तक्ता तुम्हीच मांडा आणि प्रत्येक चौकोनात ‘फाईल पुन्हा उघडा’ म्हटल्यावर काय व्हावे ते लिहा. मग पुढे वाचा.

पहिली परिस्थिती : फळाही बदललेला नाही, वहीही नाही. इथे विचारण्यासारखे काहीच नाही. उघडी असलेली फाईल समोर आणावी, झाले.

दुसरी : फळा बदललेला नाही, वही मात्र बदलली आहे. वहीतले नवे फळ्यावर घ्यावे. तुमचे काहीच जात नाही. फार तर ‘नवी प्रत दाखवली आहे’ असे एका ओळीत सांगावे.

तिसरी : फळा बदललेला आहे, वही आहे तशीच. बाईंची परिस्थिती हीच होती. इथे क्षणभर थांबा. उघड्या फाईलवर पुन्हा टिचकी मारणाऱ्या माणसाला काय हवे असते? शंभरातल्या बहुतेक वेळा त्याला आपली फाईल नुसती पाहायची असते, कारण ती कशाच्या तरी मागे लपलेली असते. मग ती पुढे आणून दाखवावी. प्रश्न विचारण्याची गरजच काय?

चौथी : फळा आणि वही दोन्ही बदलली आहेत, आणि वेगवेगळ्या तऱ्हेने. खरा पेच इथेच आहे. कोणती प्रत ठेवायची हे संगणक स्वतः ठरवू शकत नाही. ते माणसालाच विचारावे लागते.

पाहिलेत? चार परिस्थितींपैकी फक्त एकीतच प्रश्न अटळ आहे. चांगला प्रश्न लिहिण्याची पहिली पायरी म्हणजे अनावश्यक प्रश्न काढून टाकणे. ज्याला सगळे नव्याने करायचे असेल, त्याच्यासाठी ‘जतन केलेल्या प्रतीकडे परत जा’ अशी वेगळी आज्ञा ठेवता येते. अनेक कार्यक्रमांत ती असतेही. ती शोधून दाबणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते ठाऊक असते.

एका चिन्हाचा प्रश्न

संगणक असे प्रश्न केव्हापासून विचारू लागले? हा इतिहास मोठा मौजेचा आहे.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ‘युनिक्स’ या प्रणालीची सुरुवात केली. मजकूर लिहिण्यासाठी तीत ‘एड’ नावाचा एक छोटा कार्यक्रम होता. त्या काळी संगणकापुढे पडदा क्वचितच असे. टंकलेखन यंत्रासारखे टेलिटाइप यंत्र असे आणि संगणकाचे उत्तर कागदावर खडखडत उमटे. त्या वेळी सर्रास वापरले जाणारे यंत्र सेकंदाला दहाच अक्षरे छापत असे. लांबलचक सूचना छापायची म्हणजे माणसाने तोवर वाट पाहत बसायचे. म्हणून ‘एड’ फार मितभाषी केलेला होता. तुमची आज्ञा त्याला पटली नाही, की तो कागदावर एवढेच छापी :

?

बस्स, एक प्रश्नचिन्ह! १९७९ मध्ये निघालेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘एड’ला एक चांगली सवय लावलेली दिसते. बदल जतन केलेले नसताना तुम्ही दुसरी फाईल उघडू लागलात किंवा काम संपवू लागलात, तर तो ती आज्ञा चूक मानी आणि ‘?’ छापी. तीच आज्ञा दुसऱ्यांदा दिली, तर मात्र मुकाट्याने पाळी. मौल्यवान काम वाया जाऊ नये म्हणून ही तरतूद असल्याचे त्याच्या माहितीपत्रकात म्हटले होते. तज्ज्ञांना हे प्रश्नचिन्ह पुरे. नवख्याला मात्र ते पाहून ‘माझे काय चुकले?’ एवढेच वाटे. आज्ञा कळली नसेल असे समजून तो ती पुन्हा देई. आणि मग सगळेच संपे!

बिल जॉय यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात ‘व्हीआय’ या कार्यक्रमाचे काम सुरू केले. तोवर पडदे आले होते, म्हणून त्याला पूर्ण वाक्य बोलणे परवडले. शेवटच्या बदलानंतर काही जतन केलेले नाही, असे तो सांगे. तरीही फाईल पुन्हा उघडायची असेल, तर आज्ञेला उद्गारचिन्ह जोडावे लागे. यातली खुबी लक्षात घ्या. तीच आज्ञा नुसती पुन्हा देऊन भागत नाही. मुद्दाम वेगळी कळ दाबावी लागते. हात आपोआप जिथे पडतो तिथे धोका ठेवलेला नाही.

याच घराण्यातला ‘व्हिम’ हा कार्यक्रम ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केला. तो काम चालू असताना बदलांची नोंद एका बाजूच्या फाईलमध्ये करीत राहतो. मध्येच वीज गेली आणि तुम्ही नंतर फाईल पुन्हा उघडलीत, तर ती बाजूची फाईल त्याला सापडते. मग तो सविस्तर सांगतो : फाईल कोणती, तिच्या तारखा काय, असे होण्याची दोन कारणे कोणती. एक म्हणजे, तीच फाईल दुसरीकडे उघडी असेल. दुसरे म्हणजे, मागचे काम अर्धवट तुटले असेल. त्यापुढे तो पर्याय देतो : फक्त वाचण्यासाठी उघडा, तरीही संपादन करा, बदल परत मिळवा, बाहेर पडा, इत्यादी. माहिती अचूक आहे. पण पहिल्यांदा पाहणाऱ्याची छाती दडपते. एका चिन्हाचा प्रश्न फार तोकडा होता. पानभर मजकुराचा प्रश्न वाचायला कोणाला सवड असते? चांगला प्रश्न या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असला पाहिजे.

‘होय’ म्हणजे नेमके काय?

आता बाईंच्या चौकटीकडे परत येऊ. ती मी कल्पनेने रचलेली नाही. ‘एक्सेल’ या प्रसिद्ध कार्यक्रमाच्या कित्येक आवृत्त्यांत उघडी फाईल पुन्हा उघडू लागल्यास जवळजवळ याच अर्थाचा इंग्रजी मजकूर येत असे. तो खोटे काही सांगत नव्हता. मग बिघडले कुठे?

तीन वाक्ये पुन्हा वाचा. पहिले वाक्य माहिती देते. दुसरे वाक्य नुकसान सांगते. तिसरे वाक्य प्रश्न विचारते. पण प्रश्न आहे तो फाईल उघडण्याबद्दल! नुकसानीचा त्यात उल्लेखच नाही. घाईत असलेला माणूस शेवटचे वाक्य वाचतो आणि बटणे पाहतो. ‘उघडायची का?’ ‘होय.’ वाचणाऱ्याची नजर अशीच धावते, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरायला हवे होते.

याच्याशी तुलनेला दुसरा कार्यक्रम घ्या : ‘नोटपॅड प्लस प्लस’. त्यात उघडलेली फाईल बाहेरून कोणी बदलली, म्हणजे आपली चौथी परिस्थिती उद्भवली, तर तो विचारतो त्याचा अर्थ असा : “फाईल पुन्हा आणायची आणि इथे केलेले बदल गमवायचे का?” इथे नुकसान प्रश्नाच्या आत बसवले आहे. ‘होय’ म्हणताना ‘गमवायचे’ हा शब्द डोळ्यांत भरतोच. नुसते एक वाक्य दुसऱ्या वाक्यात सांधले, आणि प्रश्न किती सुधारला!

पण त्याहून चांगली सुधारणा बटणांवर करता येते. ‘होय’ आणि ‘नाही’ हे शब्द स्वतः काहीच सांगत नाहीत. वरचा प्रश्न वाचला तरच त्यांना अर्थ येतो. त्याऐवजी बटणावर क्रियापद लिहिले तर? ‘जतन करा’, ‘जतन करू नका’ अशी बटणे असतील, तर प्रश्न न वाचणाऱ्यालाही काय होणार ते कळते. अ‍ॅपल कंपनीने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक पुस्तकात बटणांवर अशी क्रियादर्शक नावे द्यावीत असा सल्ला आहे.

बटणावरचा शब्दही माणसांपुढे ठेवून तपासावा लागतो. अ‍ॅपलचा ‘लिसा’ हा संगणक १९८३ मध्ये बाजारात आला. तो तयार होत असताना त्यातल्या एका बटणावर ‘डू इट’ म्हणजे ‘हे करा’ असे दोन इंग्रजी शब्द होते. लॅरी टेस्लर सामान्य माणसांना बोलावून त्यांच्याकडून लिसा वापरून घेत आणि ती कुठे अडखळतात ते टिपून ठेवीत. एक गृहस्थ ते बटण दाबायचे टाळू लागले आणि चिडू लागले. विचारल्यावर उलगडा झाला. दोन शब्दांमधली जागा फार कमी होती आणि मोठा ‘आय’ हा लहान ‘एल’सारखा दिसत होता. त्यांनी ते ‘डोल्ट’ असे वाचले होते. डोल्ट म्हणजे मठ्ठ माणूस! संगणक आपल्याला मठ्ठ म्हणतो आहे, असे त्यांना वाटले. पुढे त्या जागी ‘ओके’ आले. हसू नका, मराठीतही ‘करू नका’ आणि ‘करून का’ यांत अक्षरे तीच आहेत, फक्त मधली जागा सरकली आहे.

मराठी बटणांचे सापळे

अलीकडे संगणक आणि मोबाइल मराठीत बोलू लागले आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण प्रत्येक भाषेचे सापळे वेगळे असतात. काही सापळे पाहू.

मराठी कार्यक्रमांत मागे फिरण्याच्या बटणावर बहुधा ‘रद्द करा’ असे लिहितात. ठीक. पण प्रश्न असा असेल तर? “केलेले बदल रद्द करायचे का?” आणि खाली बटण : ‘रद्द करा’. आता काय रद्द होणार? बदल, की हा प्रश्न? एक अर्थ घेतला तर काम वाचते. दुसरा घेतला तर जाते!

दुसरा शब्द ‘टाका’. “पासवर्ड टाका” म्हणजे भरा. “कचरा टाका” म्हणजे फेका. मग “बदल टाका” म्हणजे काय? भरा की फेका? ‘टाकून द्या’ म्हटले की संशय उरत नाही. ‘काढा’ हा शब्दही असाच दुतोंडी आहे. “चित्र काढा” असे चित्रकलेच्या तासाला म्हटले तर कागद पुढे ओढायचा. भिंतीकडे बोट दाखवून म्हटले तर खिळ्यावरचे उतरवायचे. घरात बोलताना आपण हातवारे आणि प्रसंग यांवरून अर्थ लावतो. चौकटीतल्या बटणाला हात नसतात.

तिसरा सापळा नकाराचा. “बदल जतन करायचे नाहीत का?” याला ‘होय’ म्हटले तर जतन करायचे की नाही? “खालीलपैकी अयोग्य विधान कोणते?” या प्रश्नात तुमच्यापैकी किती जणांचे गुण गेले असतील, ते आठवा! म्हणून प्रश्नात ‘नाही’ नको, आणि बटणावर एकाच अर्थाचा शब्द हवा.

लांडगा आला रे आला

आता तुम्ही म्हणाल, “धोका आहे तिथे प्रत्येक वेळी विचारावे. जास्त विचारण्याने काय बिघडते?” पुष्कळ बिघडते!

लांडगा आला म्हणून उगाच ओरडणाऱ्या धनगराच्या पोराची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. संगणकही पुष्कळदा तसा ओरडतो. एक्सेलच्या एखाद्या तक्त्यात आजची तारीख आपोआप दाखवणारे सूत्र असले, तर तक्ता उघडताच ते सूत्र पुन्हा मोजले जाते आणि ‘बदल झाला’ अशी खूण लागते. तुम्ही एकाही कळेला हात न लावता तक्ता बंद करू लागलात, तरी तो विचारतो, “बदल जतन करायचे का?” कोणते बदल? तुम्ही तर काहीच केलेले नसते! असे दहा वेळा झाले, की अकराव्या वेळी तुम्ही न वाचताच बटण दाबता. आणि त्याच वेळी लांडगा खरा आलेला असतो.

याला आळस म्हणता येणार नाही. सवय लागलेले काम मन लक्ष न देता करते. मनाची घडणच तशी आहे. सायकल चालवताना प्रत्येक पॅडलचा विचार कराल तर पडाल. अ‍ॅपलमध्ये १९७९ साली ‘मॅकिंटॉश’ प्रकल्प सुरू करणारे जेफ रॅस्किन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या मुद्द्यावर फार भर दिला. ज्या प्रश्नाला नेहमी एकच उत्तर द्यावे लागते, तो थोड्याच दिवसांत निकामी होतो, कारण ‘आज्ञा देणे आणि होय म्हणणे’ ही दोन कामे न राहता एकच सवय होऊन बसते. यावर उपाय प्रश्न वाढवण्यात नाही. केलेले परत फिरवता येईल अशी सोय ठेवणे, हा त्यांचा उपाय होता.

प्रश्नच नको!

याच वाटेने गेल्या काही दशकांत पुष्कळ प्रगती झाली. रिचर्ड स्टॉलमन यांचा ‘ग्नू ईमॅक्स’ हा कार्यक्रम १९८५ मध्ये लोकांहाती आला. तो ठरावीक अंतराने, एरवी ३०० कळा दाबून झाल्या की, फाईलची एक प्रत आपण होऊन वेगळ्या नावाने ठेवतो. मूळ फाईलला तो हात लावत नाही. काम मध्येच तुटले आणि नंतर फाईल उघडली, तर अधिक ताजी प्रत शिल्लक असल्याचे तो सांगतो. निर्णय तुमचा.

गूगलच्या ‘डॉक्स’मध्ये जतन करण्याचे बटणच शोधावे लागत नाही, टंकता टंकताच मजकूर साठवला जातो. अ‍ॅपलने २०११ मध्ये आपल्या ‘लायन’ या प्रणालीत आपोआप जतन करण्याची आणि जुन्या आवृत्त्या राखून ठेवण्याची सोय दिली. फळ्यावर लिहावे आणि वहीत आपोआप उतरावे, असेच हे झाले. बाईंकडे हे असते, तर त्यांचे दोनशे आकडे कुठे गेले नसते.

मात्र आपोआप जतन करणे हाही रामबाण उपाय नव्हे. समजा, गेल्या वर्षीचा तक्ता नमुना म्हणून उघडला आणि त्यातच यंदाचे गुण भरू लागलो. जुन्या पद्धतीत जतन करण्यापूर्वी चूक लक्षात आली, तर गेल्या वर्षीचा तक्ता शाबूत असे. आपोआप जतन होत असेल, तर तो आपल्या नकळत पुसला जातो! म्हणून नुसते जतन करून भागत नाही. जुन्या प्रतीही राखाव्या लागतात. वहीचे पान खोडायचे नाही, पुढच्या पानावर लिहायचे. डिस्का आता एवढ्या मोठ्या आणि स्वस्त झाल्या आहेत, की पाने पुरतात.

आणि तरीही ती चौथी परिस्थिती उरतेच. दोघांनी एकच फाईल दोन ठिकाणी बदलली, तर कधी ना कधी प्रश्न विचारावा लागतो. तो कसा असावा? आतापर्यंत जे पाहिले, त्यावरून आपण एक लिहून पाहू :

“‘आठवी ब – गुण’ या फाईलच्या दोन प्रती झाल्या आहेत. तुमची प्रत : १०.४० नंतर भरलेले २०० आकडे अजून जतन झालेले नाहीत. डिस्कवरील प्रत : ११.०५ वाजता दुसरीकडून बदललेली.”

आणि खाली तीन बटणे : ‘दोन्ही प्रती ठेवा’, ‘फरक दाखवा’, ‘माझे २०० आकडे टाकून द्या’.

तपासा बरे. फाईलचे नाव आहे. काय धोक्यात आहे आणि किती, ते आकड्यांत आहे. नकारार्थी प्रश्न नाही. प्रत्येक बटण आपले काम स्वतः सांगते. काही नष्ट न करणारे बटण पहिले आहे, म्हणजे घाईत एंटरची कळ दाबली गेली तर तेच चालेल. नाश करणारे बटण शेवटी, थोडे अंतर सोडून ठेवता येईल. ‘माझे २०० आकडे टाकून द्या’ हे बटण न वाचता दाबणे अवघड आहे, नाही का?

करून पाहा

हे सगळे खरे की खोटे, ते तुम्ही वर्गातच तपासू शकता. संगणकही लागणार नाही. पोस्टकार्डाएवढे दोन कागद घ्या. एकावर लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न ‘होय / नाही’ या बटणांसह लिहा. दुसऱ्यावर त्याच प्रसंगासाठी तुमच्या शब्दांत सुधारलेला प्रश्न लिहा. बाईंची गोष्ट थोडक्यात सांगून वीस मित्रमैत्रिणींना पहिला कागद आणि दुसऱ्या वीस जणांना दुसरा कागद फक्त पाच सेकंद दाखवा. मग विचारा, “तुम्ही कोणते बटण दाबाल? ते दाबल्यावर भरलेल्या गुणांचे काय होईल?” दोन्ही उत्तरे लिहून घ्या आणि शेवटी मोजा. दोन काळज्या घ्या : एकाच मुलाला दोन्ही कागद दाखवू नका, कारण पहिल्याने तो सावध होतो, आणि उत्तर चुकले तर हसू नका, कारण परीक्षा त्याची नसून तुमच्या कागदाची आहे.

शिक्षकांनाही एक सुचवावेसे वाटते. हा प्रयोग मराठीच्या आणि संगणकाच्या तासाला मिळून करता येईल. एका अर्थाचे, निःसंदिग्ध वाक्य लिहिणे हा व्याकरणाचाही पाठ आहे आणि यंत्ररचनेचाही.

शेवटी बाईंचे काय झाले? उत्तरपत्रिका कपाटात होत्या, म्हणून गुण पुन्हा भरता आले. शाळा सुटल्यावर दोन तास बसून त्यांनी ते भरले. ज्याच्यामागे उत्तरपत्रिकांचे असे कपाट नसते, त्याची कविता, त्याचा प्रयोगाचा अहवाल, त्याचा रात्रभर जागून केलेला हिशेब मात्र कायमचा जातो. उद्या तुमच्यापैकी कोणी संगणकाचे कार्यक्रम लिहील. तेव्हा अशी चौकट लिहिण्याची वेळ आली, की समोर मधल्या सुट्टीतून घाईघाईने परत आलेल्या बाई बसल्या आहेत असे समजा, आणि मगच बटणावर शब्द घाला.